स्पॅनरला सांगितलेला माळ

आल्विनच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि या पंचवीस वर्षांत तो आपल्या सासूशी एक शब्दही बोललेला नव्हता. भांडण वगैरे काही नव्हतं. भांडण असतं तर बोलणं आलंच असतं. जावयाने सासूशी बोलायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, तिच्या समोरून जायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, आणि तिनेही त्याच्या बाबतीत हे सगळं तसंच पाळायचं, अशी त्या दरीतली रीत. मानाची रीत आहे. बाहेरचे लोक ऐकतात आणि हसतात, म्हणतात, अशी सोय आम्हालाही हवी होती. हसू देत. आदर बोलूनच दाखवता येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल बोलत बसावं.

न बोलताही दोघांना एकमेकांची बित्तंबातमी होती. म्हाताऱ्या मर्लला माशाचं डोकं आवडतं हे आल्विनला ठाऊक होतं, आणि नदीवर गळाला मोठा मासा लागला की डोकं वेगळं बांधून तिच्या घरी जाई. आल्विन चहात किती साखर ओततो हे मर्लला ठाऊक होतं, आणि त्याबद्दलचं तिचं मतही त्याच्यापर्यंत वेळोवेळी पोचत असे. तिच्या छपराची पन्हळ गळायला लागली की रविवारी ती चर्चला गेलेली बघून तो शिडी घेऊन यायचा, पन्हळ नीट करायचा आणि ती परतायच्या आत निघून जायचा. घरी आल्यावर मर्ल वर बघायची आणि कुत्र्याला म्हणायची, "कुणीतरी चांगलं माणूस येऊन गेलेलं दिसतंय."

कुत्र्याचं नाव स्पॅनर. मातकट रंग, एका कानाचा तुकडा रानडुकराने नेलेला, आणि वयोमानाने दिवसाचे बरेचसे तास झोपेत. ऐकून घेण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

सासू-जावयाच्या मधला पूल म्हणजे रेलीन, मर्लची लेक आणि आल्विनची बायको. "आईला विचार", "त्यांना सांग", हे दोन्ही बाजूंनी तिच्या कानात पंचवीस वर्षं चाललेलं. आणि नेमकी ती माळ पेटवायच्या आठवड्यात शहरात, केर्न्सला गेली, कारण त्यांची थोरली लेक शनेल पहिलटकरीण होती आणि पोटातल्या बाळाने डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजिबात जुमानलं नाही.

"आता तुमचं काय होणार?" जाताना रेलीनने नवऱ्याला विचारलं.

"डल्सी आहे की."

"डल्सी?" रेलीन म्हणाली. "ती वाक्य पूर्ण व्हायच्या आत पळते. जपून."

डल्सी मर्लच्या बहिणीची मुलगी, म्हणजे आल्विनची मेहुणी, आणि त्याच्याच हाताखाली रान राखणारी रेंजर. काम झपाट्याचं, तोंड त्याहून झपाट्याचं.

आता माळाविषयी. डोंगराच्या कुशीत, चारही बाजूंनी घनदाट वर्षावन, आणि मधोमध गवताचा एक उघडा माळ. वरच्या अंगाला डोंगर, खालच्या अंगाला ओढा. तो माळ आपोआप उघडा राहिलेला नाही. मर्लच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दर थोड्या वर्षांनी तिथे हलका जाळ लावला, म्हणून गवत राहिलं, गवतावर कांगारूसारख्या छोट्या वॉलबी आल्या, आणि माणसांना बसायला, नाचायला, शिकारीला जागा राहिली. मर्ल लहान मुलगी होती तेव्हा तिच्या आजोबांनी तिथे शेवटचा जाळ लावला. त्यानंतर गोऱ्या सरकारने सगळ्यांना उचलून मिशनच्या वस्तीत नेलं आणि रानात विस्तव नेणं गुन्हा ठरलं. मग रान पुढे सरकू लागलं. रानाचं काय, त्याला कुणी अडवलं नाही तर ते येणारच. माळ आक्रसत आक्रसत एवढासा उरला. सरकारी नकाशावर त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता.

जमीन परत हाती आल्यावर आल्विन आणि त्याच्या रेंजरांनी दोन हिवाळे माळावर घुसलेली रोपटी तोडली, डुकरांना पिंजरे लावले, परकं तण उपटलं, वेताच्या काट्यांनी हात फाडून घेतले. आता जाळ लावायचा राहिला होता. तो पावसाच्या आधी याच हंगामात लागला नाही, तर तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या रोपांची झाडं होणार, झाडांना हलका जाळ काही करू शकत नाही, आणि मग माळ कायमचा गेला. बरं, जाळ लावायचा कसा, कुठून, कधी, हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस उरलं होतं एकच. मर्ल. तिचे गुडघे पुढच्या हंगामात तिला इथवर आणतील असं तिला स्वतःलाच वाटत नव्हतं.

माळाचं खरं नावही तिच्याच पोटात होतं. आल्विनने रेलीनमार्फत ते एकदा विचारून बघितलं होतं. उत्तर आलं, "आधी जाळ नीट लागू दे. नाव घेऊन फिरायला ते काय सामान आहे?"

हे नाव आल्विनला स्वतःसाठी नको होतं. तो नदीपलीकडचा. त्याची जमीन तिकडे, त्याच्या बापाची. हा माळ त्याच्या बायकोचा, त्याच्या लेकींचा, आणि आता केर्न्सच्या दवाखान्यात जे कोण येऊ घातलं होतं त्याचा. आपण सांभाळायला आहोत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ज्या जागेचं नाव येत नाही ती सांभाळायची म्हणजे परक्याचं मूल कडेवर घेऊन उभं राहिल्यासारखं त्याला वाटे, आणि हे त्याला फार लागे.

तर त्या दिवशी दुपारी पिकअप निघाली. पुढे डल्सी गाडी चालवायला, शेजारी मर्ल, दोघींच्या मध्ये स्पॅनर. मागे उघड्यावर पाण्याचा पंप, नळ्या, दाताळी, ओली पोती, आल्विन आणि त्याचा कामावरचा जोडीदार व्हर्नन. सासू पुढे म्हणून आल्विन पाठ करून मागे तोंड करून बसलेला.

"कुत्रा गादीवर आणि साहेब उघड्यावर," व्हर्नन म्हणाला. "तुझ्या नोकरीत बढती आहे की नाही रे काही?"

"आहे. पुढच्या जन्मी कुत्रा," आल्विन म्हणाला.

माळाच्या काठावर गाडी थांबली. मर्ल उतरली, काठी टेकत चार पावलं पुढे गेली, आणि रानाकडे तोंड करून तिने मोठ्याने हाक दिली. आधी रानातल्या जुन्या माणसांना, म्हणजे पूर्वजांना कळवायचं, मग पाय टाकायचा. "आम्ही आलोय," तिने त्यांच्या भाषेत सांगितलं. "मी आलेय, तुमची नात. ही डल्सी, माझ्या बहिणीची. हा व्हर्नन, जरा बडबड्या आहे, मनावर घेऊ नका. हा स्पॅनर, माझा कुत्रा. आणि..." इथे ती थांबली. जावयाचं नाव तिला घेता येत नव्हतं. डल्सीने लगेच पुढचं उचललं, "आणि हे आल्विन, रेलीनचे, नदीपलीकडचे. चांगले आहेत." आल्विन गाडीमागे मान खाली घालून उभा होता. पंचवीस वर्षं या दरीत त्याची ओळख अशी दुसऱ्याच्या तोंडूनच दिली जात होती, आणि दर वेळी त्या एका क्षणाच्या शांततेत त्याला उगीच अवघडल्यासारखं होई.

माळाच्या मधोमध एक आडवं पडलेलं जुनं खोड होतं. मर्ल त्यावर ओढ्याकडे तोंड करून बसली. आल्विन तिच्या पाठीमागे बऱ्याच अंतरावर, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. डल्सी मध्ये.

"मावशीला विचार, गवत तयार आहे का," आल्विन म्हणाला.

"मावशी, दाजी विचारतायत..."

"मला ऐकू आलं. बहिरी नाही मी."

"मग सांगा की सरळ."

"मी तुला सांगते. तू त्यांना सांग. गवत मुठीत धरून मोडलं तर मोडायला हवं, पण बुडाशी ओलं लागायला हवं. तसं आहे. त्यांना म्हणावं, बरोबर दिवस निवडलाय."

"दाजी, मावशी म्हणतात..."

"ऐकलं," आल्विन म्हणाला, आणि कौतुक झालं म्हणून त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

डल्सीने कपाळाला हात लावला. "दोघांनाही ऐकू येतं आणि मी मध्ये घसा कोरडा करते," ती म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

पुढे जे झालं ते पायरीपायरीने सांगायला हवं, कारण पुढे महिनाभर वस्तीत त्यावर वाद चालला होता. आल्विन आणि व्हर्नन पंपाच्या टाकीत पाणी भरायला कडेने वळसा घालून ओढ्याच्या बाजूला गेले, आणि आल्विन तिथल्या मोठ्या काळ्या दगडाशी उभा राहिला. तेवढ्यात इकडे खोडापाशी डल्सीने मर्लला विचारलं, "मावशी, जाळ कुठून सुरू करायचा?"

त्या दरीत बोट दाखवत नाहीत. ओठ पुढे काढून, हनुवटी उचलून दिशा दाखवतात. मर्लला दाखवायचा होता तोच काळा दगड. तिने तोंड उचललं, आणि बघते तर दगडाशी जावई उभा. आता जावयाकडे तोंड करून ओठ काढायचे? मर्लने झटकन मान फिरवली, पार दुसऱ्या बाजूला, डोंगराकडे. ते तिथून हलले की सांगू, असं तिच्या मनात. पण डल्सीने पाहिलं की मावशीचं तोंड डोंगराकडे गेलं. झालं, मिळालं उत्तर. ती वॉकीटॉकी घेऊन आपल्या जागेकडे चालायला लागलीसुद्धा, आणि झाडांपाशी पोचल्यावर तिने सांगून टाकलं, "दाजी, वरून. डोंगराच्या बाजूने लावा म्हणतात मावशी."

आल्विनला बरं वाटलं. रेंजरांना जे शिकवलेलं होतं तेही हेच सांगत होतं. वारा ओढ्याकडून डोंगराकडे वाहत होता, मग डोंगराच्या काठाने जाळ लावायचा, म्हणजे तो वाऱ्याविरुद्ध हळूहळू, रांगत खाली येतो. शिकवणारे आणि सासूबाई यांचं एकमत झालेलं बघून तो अगदी निश्चिंत मनाने वर गेला. तेल ठिबकवणारी मशाल त्याने पेटवली आणि गवताच्या काठाकाठाने चालू लागला.

जाळ देखणा लागला. गुडघ्याएवढ्या ज्वाळा, पांढरा धूर, गवताचा तडतड आवाज, आणि पुढे पुढे उड्या मारत पळणारे नाकतोडे. जाळाच्या पुढे कुठूनशी पाखरंही आली, त्या नाकतोड्यांवर ताव मारायला. "साठ वर्षांनी जेवणावळ," व्हर्नन म्हणाला. आल्विन हसला. त्याला आपल्या लेकी आठवल्या, आणि त्याच्या मनात आलं की संध्याकाळी रेलीनला फोन लावून हे सगळं सांगायचं.

इकडे मर्ल ओढ्याकडे तोंड, पण नजर खाली करून, दगडापासचा माणूस गेला की नाही याचा कानोसा घेत बसलेली. तिला धुराचा वास आला. तिने वळून बघितलं, तर धूर वरून येत होता, आणि सूर्य डोंगराच्या माथ्यापासून हातभर अंतरावर.

"डल्सी," तिने हाक मारली. डल्सी दूर झाडीत दाताळ्याने पालापाचोळा ओढत होती आणि स्वतःशी गात होती. तिला ऐकू गेलं नाही.

त्या माळावरची एक गोष्ट शिकवणाऱ्यांच्या नकाशात नव्हती. दिवसभर वारा ओढ्याकडून वर वाहतो, पण सूर्य डोंगराआड गेला की डोंगरावरची गार हवा खाली उतरते आणि वारा उलटतो. वरून लावलेला जाळ मग रांगत नाही, धावतो, आणि धावतो ओढ्याकडे. ओढ्याकाठी काळ्या शेंगांची जुनी झाडं होती. त्यांच्या बिया विषारी, कुटून, टोपलीत घालून वाहत्या पाण्यात दिवसच्या दिवस ठेवल्या की खाण्याजोग्या होतात. मर्लची आजी तिथेच टोपल्या ठेवायची, आणि कुटायच्या दगडातले खळगे अजून होते. एरवी ओलं रान जळत नाही. पण तोडलेली सगळी रोपटी रेंजरांनी त्याच झाडांच्या कडेला नेऊन रचली होती. दोन हिवाळ्यांचा वाळलेला ढीग.

जावयाला हाक मारायची नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही. आणि माळाच्या वरच्या टोकाला फक्त तो आणि व्हर्नन, आणि व्हर्नन स्वतःच्या विनोदांपुढे कुणाचं ऐकत नाही. मर्लने पायाशी झोपलेल्या स्पॅनरकडे पाहिलं. मग तिने काठी जमिनीवर आपटली आणि उभं राहून असा आवाज काढला की रानातली पाखरं गप्प झाली.

"स्पॅनर! तुझ्या डोक्यात काही शिरतं की नाही? जाळ वरून लावतात होय? खालून लावायचा, खालून. काळ्या दगडापासून. सूर्य डोंगराआड गेला की इथे वारा उलटतो, वरून खाली येतो. माझे आजोबा त्या दगडावर बसून राहायचे. वारा थांबला की लावायचे. थांबला की. उलटल्यावर नाही. ऐकतोयस ना?"

स्पॅनरने एक डोळा उघडला, शेपटी एकदा आपटली आणि डोळा मिटला.

वर व्हर्नन हसायला लागला. "म्हातारी कुत्र्याला कशाला झापतेय?"

आल्विनच्या हातातली मशाल खाली आली. पंचवीस वर्षांत त्याने हा आवाज कधी ऐकला नव्हता. तो जवळपास असला की मर्ल हळू, मोजकं, जवळजवळ कुजबुजत बोलायची. "कुत्र्याला नाही झापत," तो म्हणाला. "पाणी घेऊन तू इथेच थांब. जाळ कडेने रानात शिरू देऊ नकोस." आणि तो ओढ्याकडे धावत सुटला.

धावला आणि अर्ध्या वाटेत थांबला. सरळ वाट खोडाच्या समोरून जात होती. मर्लच्या समोरून. कडेकडेने वळसा घालून जायचं तर सूर्य तोवर डोंगराआड जाणार. आल्विनचे पाय जमिनीला चिकटले. बाहेरचा कुणी म्हणेल, आग लागलीय आणि हा रीतभात कसली बघतो? त्याला म्हणावं, ज्या माणसाने पंचवीस वर्षांत एकदाही हे मोडलं नाही, त्याच्या पायांना जाऊन विचार.

तो मान खाली घालून मोठ्याने खोकला. "व्हर्नन," तो ओरडला, जरी व्हर्नन मागे लांब राहिला होता, "इथून कुणीतरी घाईने खाली जाणार आहे रे."

मर्लने ते ऐकलं. तिने अंगातला स्वेटर काढून डोक्यावरून घेतला, गुडघ्यांची पर्वा न करता खोडामागे जमिनीवर बसली आणि लाकडात तोंड लपवलं. "स्पॅनर," ती स्वेटरच्या आतून म्हणाली, "कुणाला जायचं असेल तर जाऊ दे. आपण काही बघत नाही. लवकर जा म्हणावं."

आल्विन गेला. त्याने स्वतःच्या बुटांशिवाय काहीही बघितलं नाही. एवढी वर्षं पाळलेलं अंतर तेवढ्या चार उड्यांत कमी झालं आणि पुन्हा वाढलं.

काळ्या दगडाशी तो पोचला तेव्हा त्याची छाती भात्यासारखी हलत होती. वॉकीटॉकीवर त्याने डल्सीला ओरडून खाली बोलावलं. सूर्याची कड डोंगराला टेकली. वर जाळ अजून शहाण्यासारखा रांगत होता. आल्विनने मशाल हातात तयार धरली आणि थांबला. त्या वेळी थांबणं फार कठीण होतं. शिकवलेलं सगळं सांगत होतं की आत्ताच लाव, आणि कुत्र्याला सांगितलेलं सांगत होतं की वारा थांबू दे.

मग गवत हलायचं थांबलं. धूर सरळ वर गेला. माळावर असं निवांत झालं की ओढ्याचं पाणी ऐकू आलं.

त्याने जाळ लावला. दगडापासून दोन्ही बाजूंना, ढिगाच्या पुढून, झाडांच्या पुढून. ज्वाळा हळूहळू वर चढू लागल्या, मागे काळी पट्टी सोडत. डल्सी धापा टाकत आली आणि न विचारता ढिगाच्या तोंडाशी ओलं पोतं घेऊन उभी राहिली. पट्टी रुंद होत गेली. आणि मग आल्विनच्या चेहऱ्यावर गार वारा आला, डोंगराकडून, अगदी सांगितल्याप्रमाणे.

वरचा जाळ उठून धावला. त्याचा आवाज बदलला, ज्वाळा माणसाएवढ्या झाल्या, आणि डल्सीच्या तोंडून पहिल्यांदाच काही शब्द फुटेना. ठिणग्या ढिगावर पडल्या, दोघांनी त्या पोत्यांनी झोडल्या. खोड ज्या दगडाळ, उघड्या जागेत होतं तिला वळसा घालून जाळ खाली आला, काळ्या पट्टीपाशी पोचला, खायला काही उरलेलं नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो बसला. थोडा वेळ इकडेतिकडे धुमसत राहिला. तेवढ्यात दव पडायला सुरुवात झाली.

आल्विन दगडाला टेकून खाली बसला. काळ्या शेंगांची झाडं जिथल्या तिथे उभी होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

नंतर चहाचा डबा उकळला आणि निखाऱ्यांत भाजलेल्या डॅम्परच्या जाड रोटीवर गोल्डन सिरप ओतलं गेलं, तेव्हा डल्सीने विषय काढला. "मावशी, तुम्ही डोंगराकडे मान केली होती. मी डोळ्यांनी बघितलं."

"मान केली नव्हती. मान फिरवली होती," मर्ल म्हणाली. "तिथे माणूस उभा होता. त्यांच्याकडे बघून ओठ काढू की काय मी? या वयात?"

व्हर्ननच्या नाकातून चहा आला. लांब, झाडामागे पाठ करून बसलेल्या आल्विनचे खांदे गदगदा हलत होते.

"आणि तू जरा वाक्य संपेपर्यंत उभी राहत जा," मर्ल डल्सीला म्हणाली. "यापुढे तू नकोच सांगू. तुझ्यापेक्षा कुत्रा बरोबर सांगतो."

परतीच्या वाटेवर फोनला जिथे रेंज येते त्या वळणावर रेलीनचा फोन आला. मुलगी झाली होती. आल्विनने ऐकलं आणि फोन पुढच्या खिडकीतून डल्सीच्या हातात दिला. मर्लने बातमी ऐकली आणि स्पॅनरला कुशीत ओढून म्हणाली, "तुला नात झाली रे."

रेलीन तिकडे बाळंतिणीपाशी आणखी काही आठवडे राहिली. इकडे जळलेल्या माळावर हिरवे कोंब आले, मग बोटभर गवत आलं, आणि एका सकाळी चार वॉलबी येऊन निवांत चरताना दिसल्या. मर्लने हट्ट धरला की तिला तिथे रोज न्यावं. डल्सी तिला सोडून पिंजरे बघायला जाई. मर्ल खोडावर स्पॅनरशेजारी बसे, आणि मागे, एका मोठ्या झाडाच्या मुळांच्या भिंतीपलीकडे, आल्विन नळ्या दुरुस्त करत, कोयत्यांना धार लावत बसे. कामं एवढी नव्हती. पण तो रोज काहीतरी घेऊन यायचा.

मर्ल कुत्र्याला सांगायची. माळाची हद्द कुठून कुठवर होती, आणि त्या वाढलेल्या झाडांतली कुठली तोडायची, कुठली आता राहू द्यायची. कुठलं फूल फुललं की गवत पेटवायजोगं झालं समजायचं. आजोबा जाळ लावताना काय म्हणायचे. आजी टोपली पाण्यात कुठे ठेवायची आणि पूर आला तर कुठे. मिशनची गाडी कुठल्या वाटेने आली, आणि आजोबा मागे वळून न बघता कसे चढले. हे सांगताना ती थांबली, आणि मुळांच्या पलीकडची कोयत्याची खरखरही थांबली. मग तिने पुढे सांगितलं. कधी स्पॅनर घोरायला लागला तर ती त्याला काठीने ढोसायची. "झोपू नकोस. हे मी दुसऱ्यांदा सांगणार नाही."

आणि मुळांच्या पलीकडून कधी आवाज यायचा, वर झाडाच्या शेंड्याकडे बघून बोलल्यासारखा, "स्पॅनर, टोपली पुरात कुठे ठेवायची ते एकदा विचारून घे."

"घाई नको, स्पॅनर. सांगते."

एका दुपारी मर्लने कुत्र्याच्या फाटक्या कानाशी वाकून, पण मुळांच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, माळाचं नाव सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिथे उभं राहून घ्यायचं असतं.

पलीकडून आल्विनने ते नाव उच्चारलं. त्याच्या नदीपलीकडच्या जिभेवर ते थोडं वाकडं आलं.

"स्पॅनर, तुझी जीभ जड आहे," मर्ल म्हणाली. "पुन्हा."

त्याने पुन्हा म्हटलं. या वेळी ते सरळ आलं. कुत्र्याच्या पाठीवरून फिरणारा मर्लचा हात थांबला. आजोबांनंतर हे नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिने ऐकलंच नव्हतं. थोड्या वेळाने हात पुन्हा फिरू लागला.

रेलीन परत आली ती लेक आणि नात घेऊनच. रविवारी सगळे माळावर गेले. गाडीत जागा नव्हती, तरी स्पॅनर पुढेच बसला. "माझ्यावाचून तुम्ही दोघांनी निभावलं कसं?" रेलीनने नवऱ्याला विचारलं. "कुत्र्याने सांभाळून घेतलं," तो म्हणाला, आणि रेलीनला ती थट्टा वाटली.

मर्ल काठी टेकत पुढे गेली आणि तिने जुन्या माणसांना हाक दिली. "आम्ही आलोय. ही माझी लेक. ही तिची लेक, शनेल. आणि ही बघा, शनेलची, नवी आहे, हिला नीट बघून ठेवा. ही डल्सी. हा व्हर्नन, तसाच आहे अजून. हा स्पॅनर." मग ती नेहमीप्रमाणे थांबली. डल्सीने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं. मर्लने काठी उचलून तिला गप्प केलं.

"आणि ज्यांना या जागेचं नाव येतं," ती रानाला म्हणाली, "तेही आलेत. ते इथलेच."

रेलीनने वळून नवऱ्याकडे बघितलं. आल्विन गाडीच्या मागे सगळ्यांकडे पाठ करून पंपाची नळी गुंडाळत होता. ती नळी त्याने सकाळीच गुंडाळून ठेवली होती.